डासाच्या पोटातला पहारा

नकाशावर आष्टी शोधा. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात, वर्धा नदीच्या अलीकडच्या मुलखात हे गाव आहे. नदी ओलांडली की मोर्शी-वरुडच्या संत्राबागा लागतात. तिथून पश्चिमेला बोट सरकवले की अचलपूर येते, इंग्रजी अमदानीतले एलिचपूर. आता पुन्हा आष्टीवर या आणि उत्तरेला सातपुडा ओलांडून नर्मदेकाठी जा. तिथे होशंगाबाद आहे, आजचे नर्मदापुरम. भारतात हिवताप पसरवणाऱ्या डासांमधली दोन सर्वांत महत्त्वाची नावे अचलपूर आणि होशंगाबाद या दोन गावांच्या नमुन्यांवरून शास्त्रात आली, आणि तीही १९०१ या एकाच वर्षी. होशंगाबादच्या डासाचे वर्णन गाइल्स या अभ्यासकाने केले. तो ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस, आपल्या खेड्यापाड्यांतला हिवतापाचा मुख्य वाहक. एलिचपूरच्या डासाचे वर्णन लिस्टनने केले. तो ॲनॉफिलीस स्टीफेन्साय, शहरांतला वाहक. सेकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या जठरभित्तीवर हिवतापाचा परजीवी पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

डास चावल्याने हिवताप होतो, हे शाळेतले पोरही सांगेल. पण हा प्रवास पुरा होण्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागतात, ते पाहण्यासारखे आहे. डास ॲनॉफिलीस हवा, मादी हवी, तिने आधी रुग्णाचे रक्त प्यायलेले हवे, त्यानंतर ती दहा-बारा दिवस जगायला हवी. आणि या सगळ्यावर एक अट आहे, जी डोळ्यांना दिसत नाही: रक्ताबरोबर पोटात आलेला परजीवी तिच्या शरीराने जिवंत राहू दिला पाहिजे. पुष्कळदा ते राहू देत नाही. कोणती मादी राहू देते आणि कोणती नाही, हे बऱ्याच अंशी तिच्या जनुकांतल्या बारीक फरकांवर ठरते. हे फरक वाचण्याची कला गेल्या सव्वाशे वर्षांत पायरीपायरीने सूक्ष्म होत गेली. त्या कलेचे आणि तिने उलगडलेल्या रचनेचे हे रसग्रहण.

पहिली पायरी नुसत्या डोळ्यांची आणि भिंगाची. विल्यम ग्लेन लिस्टन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. एलिचपूरच्या ॲनॉफिलीस डासांच्या सवयी त्याने वर्षभर न्याहाळल्या आणि त्यावर लिहिले. स्टीफेन्सायची खूण तोंडाजवळच्या स्पर्शकांवर आणि पायांवर असते: गडद रंगावर पांढरट खवल्यांची विखुरलेली शिंतडी. क्युलिसिफेसीसची खूण मात्र त्याच्या बसण्यात आहे. बहुतेक ॲनॉफिलीस डास भिंतीवर बसताना शेपटीकडची बाजू वर उचलून तिरके बसतात. हा जवळजवळ भिंतीला समांतर बसतो. त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला तो घरातला साधा क्युलेक्स डास वाटतो आणि नजरेतून सुटतो. गावातला हिवतापाचा मुख्य वाहक हिवताप न पसरवणाऱ्या डासासारखा बसतो, हे ज्यांनी भिंगामागून टिपले त्यांच्या नजरेला दाद द्यावी तेवढी थोडी. हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेग आणि उंदरांवरच्या पिसवा यांचा संबंध उलगडणाऱ्यांत होता. नजर एकदा बारकाव्याला सरावली की ती विषय बदलला तरी बोथट होत नाही.

क्युलिसिफेसीसला विदर्भाचा भूगोल मानवतो. पाऊस ओसरला की नदीच्या पात्रात, ओढ्या-नाल्यांत, खडकांच्या खळग्यांत स्वच्छ पाण्याची डबकी उरतात. कालव्याच्या कडेला पाझर साचतो. ओल्या चिखलात गुरांचे खूर उमटतात आणि त्यांत पाणी राहते. एवढे त्याच्या अंड्यांना पुरते. दिवसा तो गोठ्यात विसावतो आणि त्याची पहिली पसंती बहुधा गुरांच्या रक्ताला असते. हिवताप वर्धा जिल्ह्याला परका नव्हता. १९३६ साली सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेलेल्या गांधीजींनाही त्याने गाठले होते. गोठ्यातल्या काळोखात भिंतीला समांतर बसलेले डास डोळ्यांना सारखेच दिसतात. ते सारखे नाहीत, हे कळायला १९८० साल उजाडावे लागले.

दुसरी पायरी इथे सुरू होते, आणि तिच्यातली युक्ती मला या सगळ्या कथेत फार देखणी वाटते. अर्धी अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयात काही पोषक पेशी असतात. त्यांतली गुणसूत्रे पेशीचे विभाजन न होता पुनःपुन्हा स्वतःच्या प्रती काढतात. या शेकडो प्रती एकमेकींना चिकटून राहिल्याने गुणसूत्र जाडजूड होते आणि रंग दिला की त्यावर आडवे पट्टे दिसू लागतात. कधी गुणसूत्राचा एखादा तुकडा उत्क्रांतीच्या ओघात उलटा जोडला गेलेला असतो. मग त्या जागी पट्ट्यांचा क्रम उलटा वाचावा लागतो. आता गंमत पाहा. आईकडून सरळ क्रम आणि बापाकडून उलटा क्रम आला, तर जोडी जुळवताना गुणसूत्राला त्या जागी वळसा घ्यावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो गाठीसारखा स्पष्ट दिसतो. ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी क्युलिसिफेसीसच्या मादीमागून मादी तपासली. सरळ क्रमाच्या माद्या होत्या, उलट्या क्रमाच्याही होत्या, आणि वळशाच्या जवळजवळ नव्हत्याच. एकाच मुलखात राहूनही या दोन गटांत संकर होत नव्हता. म्हणजे ही एक जात नव्हती. दिसायला हुबेहूब अशा दोन जाती होत्या, ए आणि बी. जे दिसले नाही त्यावरून निष्कर्ष काढणे शास्त्रात धोक्याचे असते. इथे न दिसलेला वळसाच पुरावा झाला, कारण संकर होत असता तर तो दिसल्यावाचून राहिलाच नसता. तर्काचा इतका स्वच्छ नमुना क्वचित वाट्याला येतो.

दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरमध्ये, आजच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत, सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाचन पुढे नेले. सी आणि डी या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. मग प्रश्न आला: यांतली हिवताप पसरवते कोण? उत्तर भारतात ए आणि बी एकत्र राहतात. तिथे हिवतापाचा परजीवी मुख्यतः ए जातीत सापडला. बी जात त्या कामात फारच कच्ची ठरली. या एका फरकाने एक जुने कोडे सुटले. काही गावांत डीडीटी फवारूनही डासांची संख्या फारशी घटत नसे. डास डीडीटीला दाद देत नाहीत असा अहवाल जाई, आणि तरीही हिवताप मात्र कमी होई. दोन्ही निरीक्षणे खरी होती. उरलेल्या डासांत विषाला जास्त सहनशील असलेली बी भरपूर होती आणि मरणाऱ्यांत हिवताप पसरवणारी ए. नुसत्या आकड्याने जे कळले नसते, ते पट्ट्यांच्या क्रमाने सांगितले.

या वाचनाची खरी कसोटी रामेश्वरम बेटावर लागली. तिथे उलट्या क्रमाच्या, म्हणजे बी म्हणाव्या अशाच माद्या होत्या, आणि हिवतापही होता. बी निर्दोष असेल तर हे कसे? १९९९ साली कर, सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले. मादीच्या जाड गुणसूत्रांवर आणखी काही वेगळे दिसत नव्हते. म्हणून ते तिच्या मुलग्यांकडे वळले. मादीत वाय गुणसूत्र नसते, ते नरात असते आणि बापाकडून येते. जातीबाहेर संकर होत नसेल, तर मुलग्यातल्या वाय गुणसूत्राच्या ठेवणीवरून आईची जातही ओळखता येईल. तशी ती ओळखली गेली: वायची ठेवण दोन प्रकारची निघाली, आणि परजीवी बाळगणाऱ्या माद्यांचा संबंध त्यांतल्या एकाच प्रकाराशी लागला. बी पासून वेगळी काढलेली ही पाचवी जात, ई. आईच्या अंगावर न मिळालेला पुरावा तिच्या मुलग्यांच्या वाय गुणसूत्रात शोधावा, ही कल्पकता शास्त्रज्ञाची आणि कसलेल्या वाचकाची एकाच वेळी आहे.

बी भारतात जवळपास सर्वदूर सापडते. पश्चिम आणि मध्य भारतात तिच्या सोबतीला सी असते. बी कमी घातक का, याचे एक उत्तर तिच्या सवयीत आहे: तिचा ओढा गुरांकडे फार. पण दुसरे उत्तर तिच्या शरीरात आहे. टी. अडक आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत क्युलिसिफेसीसच्या जातींना व्हायव्हॅक्स हिवतापाच्या रुग्णांचे रक्त पाजून तुलना केली, तेव्हा बी जातीत परजीवीची वाढ सर्वांत कमी झाली. पुढे त्यांनी क्युलिसिफेसीसची व्हायव्हॅक्सला दाद न देणारी एक वेगळी शाखाच जोपासली. इथून आपली नजर गुणसूत्रावरून जनुकाकडे वळते. कारण पोटात नेमके काय घडते, हे पट्टे सांगू शकत नाहीत.

त्यासाठी परजीवीच्या प्रवासाबरोबर जावे लागते. रक्त डासाच्या पोटात शिरते तेव्हा ते माणसाच्या शरीराच्या उबेतून एकदम गारव्यात आलेले असते. परजीवी ही उतरती उष्णता ओळखतो. त्याच्या जोडीला डासाच्या शरीरातले झॅन्थ्युरेनिक आम्ल ओळखतो. या दोन खुणा मिळताच पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या नर पेशींतून शेपटीसारखे जननपेशींचे तंतू उसळून बाहेर पडतात. संयोग होतो, आणि साधारण दिवसभरात लांबट, सरपटणारे रूप तयार होते. त्याचे नाव ऊकायनेट. आता त्याला पोटाच्या भिंतीतल्या पेशी छेदून पलीकडच्या बाजूला जायचे असते. तिथे तो स्थिरावला की ऊसिस्ट नावाची गोल पुटी होते, आणि एकेका पुटीतून हजारो स्पोरोझॉइट निघून लाळग्रंथींकडे जातात. सारे गणित यात आहे: रक्ताबरोबर आलेल्या हजारो जननपेशींतून निसर्गात बहुधा बोटांवर मोजण्याइतक्या पुट्या उरतात, आणि त्यातून पुन्हा हजारो स्पोरोझॉइट. परजीवीच्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत अरुंद वाट ही आहे, आणि डासाचे शरीर पहारा बसवते तो नेमका याच वाटेवर. शत्रू भरभरून असतो तिथे त्याच्याशी लढण्यापेक्षा तो मोजका उरतो तिथे त्याला गाठावे, हे निसर्गाचे शहाणपण एखाद्या सेनापतीला शोभेल असे आहे.

पहाऱ्याची पहिली कामगिरी खुद्द छेदल्या गेलेल्या पेशीकडे असते. ऊकायनेट आत शिरला की पेशीला इजा होते. मरता मरता ती काही विकरे कामाला लावते आणि नायट्रिक ऑक्साइडपासून बनलेल्या संयुगांनी ऊकायनेटच्या अंगावर खूण उमटवते. कॅरोलिना बॅरिलास-म्युरी यांच्या गटाने २०१२ साली ही यंत्रणा स्पष्ट केली. इथे आपल्या मुलखातली एक सांगड लागते: क्युलिसिफेसीसच्या बी जातीवर दिल्लीत झालेल्या कामातही नायट्रिक ऑक्साइडच्या खाणाखुणा ए जातीपेक्षा अधिक मिळाल्या. पेशी वाचत नाही. पण तिने उमटवलेली खूण पुढच्या पहारेकऱ्याला नेमके कुणाला पकडायचे ते सांगते. जाणाऱ्याने केलेली ही व्यवस्था पाहून मन भरून येते.

तो पुढचा पहारेकरी म्हणजे टेप-१ नावाचे प्रथिन. तेराशेहून अधिक अमिनो आम्लांची ही साखळी डासाच्या शरीरद्रवात तरंगत असते. तिच्या एका खोबणीत सिस्टीन आणि ग्लुटामीन यांच्यामध्ये एक विशेष रासायनिक बंध दडलेला असतो. तो उघडा पडला की समोर येईल त्या पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. म्हणून तो झाकून ठेवावा लागतो. उंदराच्या सापळ्यातला ताणलेला खटका जसा योग्य क्षणापर्यंत रोखून धरतात, तसे हे काम. टेप-१ची साखळी आधी मधोमध कापली जाते, पण दोन्ही भाग सुटे होत नाहीत. एलरिम-१ आणि एपीएल-१सी ही एकमेकांत गुंफलेली प्रथिनांची जोडी त्यांना सांभाळून धरते आणि खुणेच्या जागी पोहोचवते. जोडी नसेल तर टेप-१ शरीरातच भलतीकडे चिकटून वाया जाते. शस्त्राइतकीच त्याला आवरण्याची तयारी तपशीलवार असणे, हे कसलेल्या कारागिरीचे लक्षण आहे. आणि हेच रसायन माणसाच्या रक्तातही आहे: जंतूंना चिकटून त्यांना मारायला मदत करणारे आपले सी-३ हे प्रथिन टेप-१च्या गोतातले. आपल्याला चावणाऱ्या डासाचा आणि आपला पहारा एकाच जुन्या घराण्यातून आला आहे.

टेप-१ला काम करताना पाहण्यासाठी एलेना लेवाशिना, स्टेफनी ब्लँडिन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक सुंदर योजना केली. प्रयोगातला परजीवी उंदराच्या हिवतापाचा होता आणि त्याच्यात हिरवा प्रकाश देणारे प्रथिन घातलेले होते. परजीवी जिवंत असेपर्यंत हिरवा दिसे. मेला की हिरवा रंग विझे. टेप-१ला वेगळा रंग दिलेला होता. भिंतीच्या पलीकडे आलेल्या ऊकायनेटांवर टेप-१ चढत होते आणि ज्यांच्यावर ते चढले होते त्यांचा हिरवा रंग विझत होता. मग त्यांनी टेप-१चे जनुक गप्प केले, तेव्हा पुट्या सुमारे पाचपट झाल्या. म्हणजे ज्याला आपण सहज संसर्ग होणारा डास म्हणतो, तोही आपल्यापुरते बहुतेक परजीवी मारतच असतो. हे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. हिवताप पसरवणारा डास पहारा न देणारा नाही. त्याच्या पहाऱ्यातून थोडे निसटतात, आणि त्या थोड्यांवरच हिवताप चालतो.

आता बारकाव्याची शेवटची पायरी: एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे. १९८६ साली अमेरिकेत फ्रँक कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या ॲनॉफिलीस गँबियेची एक शाखा पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केली, एल३-५. तिच्यात परजीवी भिंत छेदून पलीकडे येई आणि तिथेच मेलॅनिनच्या काळ्या आवरणात बंद होई. पोटाच्या भिंतीवर काळे ठिपके, आणि एकही जिवंत पुटी नाही. पुढे कळले की या शाखेत टेप-१चे एक खास रूप आहे. त्याला आर म्हणजे प्रतिकारक म्हटले. सहज संसर्ग होणाऱ्या डासांतल्या रूपाला एस. दोन्ही रूपांतले प्रथिन बहुतांशी सारखेच. फरक काही मोजक्या जागांवर, आणि त्यांतला बराचसा त्या दडलेल्या बंधाच्या आसपास. फरक थोडा आहे, पण कळीच्या जागी आहे.

हा फरकच कारण आहे, हे सिद्ध कसे करायचे? दोन शाखांतल्या डासांत हजार फरक असतात. दोष किंवा श्रेय टेप-१लाच का द्यावे? ब्लँडिन आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा प्रयोग इथे कारागिरीचा कळस गाठतो. त्यांनी आर आणि एस शाखांचा संकर केला. प्रत्येक संकरित डासात आता आर आणि एस ही दोन्ही रूपे होती, आणि बाकीची सगळी जनुके सारखी. मग त्यांनी जनुक गप्प करणाऱ्या दुपदरी आरएनएचे दोन वेगळे तुकडे तयार केले. एक फक्त आर रूपाशी जुळणारा, दुसरा फक्त एसशी. काही डासांच्या छातीत पहिला टोचला, काहींच्या छातीत दुसरा. एका गटात एस बोलत राहिले आणि आर गप्प; दुसऱ्यात आर बोलत राहिले आणि एस गप्प. दोन गटांत फरक उरला तो एवढाच. आर गप्प केलेल्या डासांत परजीवी अधिक जगले. एकाच देहात दोन्ही साक्षीदार उभे करायचे, एकेकाला आळीपाळीने गप्प करायचे आणि काय बदलते ते पाहायचे! प्रयोगाच्या आखणीत इतका संयम आणि इतकी अचूकता एकत्र आली की त्यापुढे अलंकारिक भाषा फिकी वाटते.

परजीवीही हातावर हात ठेवून बसलेला नाही. एल३-५ शाखेतला डास ब्राझीलमधल्या फॅल्सिपेरम या माणसाच्या हिवतापाच्या परजीवीला काळा करून संपवतो. घानामधला त्याच जातीचा परजीवी मात्र त्याच डासात निर्धास्त वाढतो. अल्व्हारो मोलिना-क्रूझ आणि बॅरिलास-म्युरी यांनी २०१३ साली या फरकामागचे जनुक शोधले, पीएफएस-४७. त्यातली चतुराई अशी की ते टेप-१शी थेट झुंजतच नाही. ते आधीच्या पायरीवर, छेदल्या गेलेल्या पेशीतच, खूण उमटवणाऱ्या यंत्रणेला शांत ठेवते. खूण नाही, मग टेप-१ येणार कशाकडे? पीएफएस-४७ची रूपे खंडाखंडाने वेगळी आहेत आणि प्रत्येक रूप त्या त्या खंडातल्या डासांशी जुळलेले दिसते. संशोधक याला कुलूप-किल्लीचे गृहीतक म्हणतात. आफ्रिकेतून निघालेला परजीवी नव्या मुलखात रुजायचा तर तिथल्या डासाच्या शरीराशी त्याचे जुळले पाहिजे. हिवतापाच्या जगभरच्या प्रवासाचा नकाशा असा एका प्रथिनाच्या घडणीत कोरलेला सापडावा, ही या विषयाची मोठी देणगी आहे.

मग एक प्रश्न उभा राहतो: आर रूप इतके कामाचे, तर सगळ्या डासांत तेच का नाही? याचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. जुलियेन पॉम्पों आणि लेवाशिना यांनी २०१५ साली दाखवले की टेप-१ नराच्या वृषणातही काम करते. तिथे ते सदोष शुक्रपेशींना चिकटते आणि त्यांना दूर करायला मदत करते. टेप-१ची काही रूपे या कामात सरस ठरतात, आणि त्यांत परजीवीशी लढताना मागे राहणारे एस गटातले रूपही आहे. डासाच्या जीवनात हिवतापाचा परजीवी फार थोड्या माद्यांना भेटतो, आणि तोही म्हातारपणाच्या वाटेवर. संतती मात्र प्रत्येक नराचा प्रश्न आहे. निसर्ग डासाच्या हिताचा हिशेब करतो, आपल्या हिताचा नाही. जनुकाच्या एका रूपाची किंमत ठरवताना त्याची सगळी कामे तराजूत घालावी लागतात, हा धडा यापेक्षा स्पष्ट मिळणार नाही.

या सगळ्या वाचनाचा सर्वांत ताजा मजकूर एलिचपूरच्या डासावर लिहिला गेला आहे. एफआरईपी-१ हे डासाच्या पोटातले प्रथिन परजीवीला भिंत ओलांडायला आधार देते. त्याच्या २२४व्या स्थानी बहुतेक डासांत ल्युसिन हे अमिनो आम्ल असते. काही गँबिये डासांत निसर्गतःच तिथे ग्लुटामीन असते. २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात जॉर्ज डिमोपूलस, ईथन बीअर आणि सहकाऱ्यांनी हा एकच बदल स्टीफेन्सायमध्ये केला. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एक मणी बदलला, आणि परजीवीची वाढ मोठ्या प्रमाणात रोखली गेली. डासाच्या वाढीवर आणि संततीवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. शिवाय हा बदल पुढच्या पिढ्यांत वेगाने पसरेल अशी जनुकीय रचनाही त्यांनी जोडून दाखवली. नवे विष नको, परजीवीला मारणारे नवे जनुक नको. निसर्गात आधीपासून असलेले एक रूप फक्त अधिक डासांपर्यंत पोहोचवायचे. परंपरेतलीच जागा हेरून तिच्यात नवी बंदिश बांधणाऱ्या गवयाची ही वृत्ती आहे. आणि ही निवड वेळेवर झाली, कारण स्टीफेन्साय २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीत सापडला, पुढे इथियोपियापर्यंत पोहोचला, आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा हा डास आता दोन खंडांचा प्रश्न आहे.

लिस्टनच्या भिंगापासून २२४व्या स्थानापर्यंतची ही वाट मागे वळून पाहिली की तिचे सूत्र स्वच्छ दिसते. प्रत्येक पिढीने जे एकसारखे मानले गेले होते त्यात फरक ओळखला: आधी डासाच्या बसण्यात, मग गुणसूत्राच्या क्रमात, मग मुलग्याच्या वाय गुणसूत्रात, मग जनुकाच्या रूपात, शेवटी एका अमिनो आम्लात. आणि प्रत्येक फरकाने हिवतापाविरुद्धच्या कामाला नवी दिशा दिली. यातले सर्वांत खोल वाचन आफ्रिकेतल्या गँबियेवर झाले आहे. आपल्या क्युलिसिफेसीसचे वाचन पट्ट्यांपर्यंत भक्कम आहे; त्याच्या टेप-१ची, नायट्रिक ऑक्साइडच्या यंत्रणेची रूपे गावागावांतून, बी आणि सी वेगळ्या ओळखून, तितक्याच बारकाईने तपासली जाणे ही पुढची पायरी आहे. त्यासाठी लागणारे नमुने आष्टी तालुक्यातल्या कोणत्याही गोठ्यात पावसाळ्याच्या अखेरीस मिळतील, आणि ते तपासण्याची विद्या आज आपल्या विद्यापीठांत शिकवली जाते. रक्तनमुने गोळा करत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांच्या कष्टांना या वाचनाची जोड मिळाली, तर गावात डास किती आहेत याबरोबर त्यांतले किती खरोखर धोक्याचे आहेत हेही कळेल, आणि फवारणीचा पंप आधी कुठे न्यायचा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.